मोठा धक्का होऊन गेला, म्हणजे संपलं का?

कातळवाट

६ फेब्रुवारी २०२३. दक्षिण तुर्कस्तानात पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी ७.८ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. अकरा मिनिटांनी ६.७ चा धक्का बसला. उजाडल्यावर लोक हातांनी ढिगारे उपसू लागले, मदतपथकं वाटेला लागली. दुपारी १ वाजून २४ मिनिटांनी, तिथून साधारण ९५ किलोमीटर उत्तरेला, वेगळ्याच फॉल्टवर (जमिनीखालच्या खडकातल्या भेगेवर) ७.५ चा भूकंप झाला. मालत्या शहरात पहाटे तगलेल्या इमारती दुपारी बसल्या. एकट्या तुर्कस्तानात ५३,००० हून जास्त माणसं गेली, सीरियातले हजारो वेगळे.

त्या दिवशी बातम्यांत दुसऱ्या भूकंपाला सारखं 'आफ्टरशॉक', म्हणजे उत्तरधक्का, म्हणत होते आणि ते मला फार खटकलं. सगळ्या जगात मिळून ७ च्या वरचे भूकंप वर्षाला सरासरी पंधरा होतात. त्यातला एक सुमारे नऊ तासांनी त्याच लोकांवर पुन्हा कोसळला, आणि आपण त्याला शेपटीसारखा शब्द वापरतो. शास्त्रात अशा जोडीला डब्लेट म्हणतात. मी इथे 'जुळे भूकंप' म्हणेन.

जुळे भूकंप वाटतात तितके दुर्मीळ नाहीत. तुर्कस्तानातच १७ ऑगस्ट १९९९ ला इझमित हादरलं आणि ८७ दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, त्याच फॉल्टचा पूर्वेकडचा पुढचा तुकडा दुझ्जेजवळ फुटला. इराणच्या वायव्य भागात ११ ऑगस्ट २०१२ ला ६.४ आणि ६.३ असे दोन भूकंप अवघ्या अकरा मिनिटांच्या अंतराने झाले. हिंदी महासागरात ११ एप्रिल २०१२ ला ८.६ आणि दोन तासांनी ८.२. सॉलोमन बेटांपाशी जुलै १९७१ मध्ये बारा दिवसांत आठच्या घरातले दोन. अफगाणिस्तानात हेरातजवळ ऑक्टोबर २०२३ मध्ये नऊ दिवसांत ६.३ चे चार. त्यातले पहिले दोन अर्ध्या तासात.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं. 'मुख्य धक्का' हे नाव भूकंप होताना मिळत नाही, मालिका संपल्यावर मागे वळून दिलं जातं. जपानमध्ये ९ मार्च २०११ ला समुद्रात ७.३ चा भूकंप झाला, तेव्हा तोच मुख्य वाटत होता. दोन दिवसांनी ९.० चा आला आणि आधीचा 'पूर्वधक्का' ठरला. जमीन हलायची थांबल्यावर आपण घरात परत शिरतो, तेव्हा आपण नेमके कशाच्या आधी किंवा नंतर उभे आहोत हे कुणालाच ठाऊक नसतं. तरी बहुतेकांच्या मनात पक्कं असतं की मोठं ते होऊन गेलं. त्या समजुतीबद्दल बोलायला हा धागा काढतो आहे.

अवनी_प

धाग्याबद्दल आभार. एक शंका आहे. लहानपणापासून ऐकत आले की छोटे धक्के बसत राहिले तर बरं, जमिनीतली ऊर्जा हळूहळू निघून जाते. मग ७.८ इतका मोठा होऊन गेल्यावर तिथली ऊर्जा संपायला नको का? लगेच ७.५ साठी उरलीच कशी?

कातळवाट

अवनीताई, ही समजूत सगळीकडे आहे. तिचे दोन भाग करतो.

छोट्यांनी ऊर्जा निघून जाते, हे गणितात बसत नाही. मॅग्निट्यूड एका अंकाने वाढला की ऊर्जा साधारण ३२ पट होते. ७ च्या एका भूकंपाची ऊर्जा ५ च्या भूकंपांनी बाहेर काढायची तर असे हजार लागतील. आणि निसर्गात प्रमाण साधारण असं असतं: ७ चा एक, तर ६ चे दहा, तर ५ चे शंभर. म्हणजे छोटे कितीही झाले तरी हिशेब फिटत नाही.

दुसरा भाग 'तिथली' या शब्दात आहे. भूकंपाने ताण कमी होतो तो फाटलेल्या तुकड्यापुरता. त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना आणि आजूबाजूच्या काही फॉल्टवर तोच ताण वाढतो. जिथे दुसरा भूकंप होतो तिथे बहुतेकदा शतकानुशतकं साठलेलं आधीपासूनच असतं. पहिला भूकंप त्यात थोडी भर घालतो, तीही अशा वेळी की भांडं काठोकाठ आलेलं असतं.

उत्तरधक्क्यांचे दोन नियम इथे सांगून ठेवतो, पुढे लागतील. फुसाकिची ओमोरी यांनी १८९१ च्या नोबी भूकंपानंतरच्या नोंदी पाहून १८९४ मध्ये मांडलं की उत्तरधक्क्यांची संख्या काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. पहिल्या दिवशी शंभर असतील तर दहाव्या दिवशी दहाच्या आसपास, शंभराव्या दिवशी एखादा. म्हणून पहिले तास आणि पहिला आठवडा सगळ्यात जोखमीचा, पण शेपूट फार लांब. दुसरा बाथ यांचा: सगळ्यात मोठा उत्तरधक्का मुख्य धक्क्यापेक्षा सरासरी १.२ ने लहान असतो. ७.८ नंतर त्या हिशेबाने ६.६ ची अपेक्षा. आला ७.५. नियम खोटा नाही, पण तो सरासरी सांगतो, आणि जुळे भूकंप त्या सरासरीच्या टोकाला बसतात. एखाद्या भूकंपामागून जवळच त्याच्याहून मोठा येण्याची शक्यता ढोबळमानाने शंभरात पाच, तीही बहुतांशी पहिल्या काही दिवसांत.

शून्यप्रहर

"थोडी भर" म्हणजे किती? फॉल्टवर जो प्रचंड ताण असतो त्याच्या तुलनेत ही भर नगण्य असेल तर तिने भूकंप का व्हावा? आणि व्हायचाच असेल तर नऊ तास थांबून का? ताण तर लाटा गेल्या की लगेच बदलला ना?

भूरेषा

या विषयात काही वर्षं काम केलं आहे, म्हणून लिहिते.

भर खरंच कमी असते. मोठ्या भूकंपात फॉल्टवरचा ताण दहा ते शंभर बारने उतरतो. शेजारच्या फॉल्टवर जी भर पडते ती अनेकदा एका बारहूनही कमी. एक बार म्हणजे दहा मीटर खोल पाण्याच्या तळाशी जेवढा जादा दाब असतो तेवढा. पण या भरीचे नकाशे काढून त्यावर नंतरचे धक्के मांडले, की बरेचसे वाढलेल्या ताणाच्या भागात पडलेले दिसतात. कॅलिफोर्नियात २८ जून १९९२ ला लँडर्सचा ७.३ झाला आणि तीन तासांनी बाजूच्या बिग बेअरचा. त्या जोडीवर असं काम झालं आणि पद्धत रुळली. यात दोन गोष्टी मोजतात: फॉल्टच्या दिशेने ढकलणारा ताण वाढला का, आणि दोन्ही बाजूंना एकमेकींवर आवळून धरणारा दाब सैल झाला का. २०२३ च्या दुसऱ्या भूकंपाच्या जागी आवळणारा दाब सैल झाला होता, असं नंतरच्या हिशेबांतून दिसतं.

थांबण्याबद्दल. घर्षण हे खटक्यासारखं नसतं. फॉल्टचा एखादा भाग निसटायच्या बेतात असतो तेव्हा तो अगदी मंद सरकायला लागलेला असतो, आणि तो वेग आपोआप वाढत जातो. अचानक मिळालेल्या धक्क्याने हे घड्याळ पुढे सरकतं. ज्याला निसटायला एरवी वर्ष लागलं असतं तो तासांत निसटतो, ज्याला शंभर वर्षं लागली असती तो कदाचित काही वर्षं लवकर. डिटरिच यांनी १९९४ मध्ये घर्षणाच्या या नियमातून ओमोरींचा घटता आलेख काढून दाखवला. शिवाय फाटलेल्या भागाच्या खाली संथ सरकणं चालू राहतं आणि खडकांतलं पाणी जागा बदलतं, त्यानेही ताण दिवसेंदिवस हलत राहतो.

म्हणून मला 'एक भूकंप' आणि 'जुळे भूकंप' यांच्यात खरी भिंत दिसतच नाही. इटलीत १९८० चा इर्पिनियाचा भूकंप एकच म्हणून नोंदला जातो, पण त्यात तीन तुकडे फुटले: सुरुवातीला एक, वीस सेकंदांनी दुसरा, चाळीस सेकंदांनी तिसरा. न्यूझीलंडमध्ये २०१६ च्या कायकोरा भूकंपात वीसहून जास्त फॉल्ट सलग फुटत गेले. सामोआजवळ २९ सप्टेंबर २००९ ला दोन मोठे भूकंप दोन मिनिटांच्या आत एकमेकांत इतके मिसळले की दुसरा आहे हे कळायला नोंदी पुन्हा उकलाव्या लागल्या.

सगळ्यात बोलकं उदाहरण जपानच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळाशी असलेल्या नानकाई खंदकाचं. १७०७ मध्ये तिथला पूर्वेचा आणि पश्चिमेचा भाग जवळजवळ एकदम फुटला. १८५४ मध्ये २३ डिसेंबरला पूर्वेचा, आणि साधारण ३२ तासांनी, २४ तारखेला, पश्चिमेचा. पुढच्या खेपेला पूर्वेचा ७ डिसेंबर १९४४ ला आणि पश्चिमेचा २१ डिसेंबर १९४६ ला. जागा त्याच, प्लेटा त्याच, आणि मधलं अंतर एकदा शून्य, एकदा ३२ तास, एकदा दोन वर्षं. यावर पुढच्या वेळचं अंतर कोण सांगणार?

ओळंबा

मी संरचना अभियंता आहे. इमारतीच्या बाजूने लिहितो, कारण ही चर्चा नेहमी फॉल्टवर सुरू होते आणि तिथेच संपते. माणसं मरतात ती स्लॅबखाली.

बहुतेक देशांच्या बांधकाम संहितांत साधी निवासी इमारत मोठ्या भूकंपाला *न पडता* तोंड देईल अशी बांधतात. *न मोडता* नव्हे. बीमच्या टोकांशी सळया ताणल्या जाव्यात, काँक्रीटला भेगा पडाव्यात, त्यात भूकंपाची ऊर्जा जिरावी आणि माणसं जिवंत बाहेर यावीत, अशी ती कल्पना आहे. कल्पना उत्तम आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण तिच्यात एक गृहीत लपलेलं आहे: दुसरा तेवढाच भूकंप येण्याआधी कुणीतरी येऊन ती इमारत तपासेल, दुरुस्त करेल किंवा पाडेल. नऊ तासांत यातलं काय होणार?

पहिल्या धक्क्यानंतर इमारत बाहेरून तशीच दिसते, आतून ती वेगळी इमारत झालेली असते. भेगांमुळे ती लवचीक होते, तिच्या झुलण्याचा काळ लांबतो. आधी ती ज्या लाटांना दाद देत नव्हती त्या आता तिला झुलवू शकतात, विशेषतः खाली मऊ गाळाची जमीन असेल तर. एकदा ताणून वाकलेली सळई पुन्हा उलटसुलट वाकवली की थोड्याच फेऱ्यांत तुटते. तार मोडताना आपण हेच करतो. कॉलममधल्या रिंगा लांब लांब बसवलेल्या असतील तर पहिल्या धक्क्यात बाहेरचं काँक्रीट गळतं आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. आणि इमारत किंचित कलून थांबली असेल, म्हणजे ओळंब्यात राहिली नसेल, तर तिचं स्वतःचं वजनच तिला त्या बाजूला ओढायला लागतं. दुसरा भूकंप पहिल्यापेक्षा लहान असला तरी पुरतो.

हे सगळं नजरेने ओळखणं किती कठीण आहे याचं उदाहरण क्राइस्टचर्च. ४ सप्टेंबर २०१० ला शहराच्या पश्चिमेला ७.१ चा भूकंप झाला. नुकसान झालं, पण कोसळलेल्या इमारतीखाली कुणी मेलं नाही. तपासणी झाली, लाल-पिवळी-हिरवी स्टिकरं लागली. सीटीव्ही नावाच्या सहा मजली इमारतीला हिरवं मिळालं. २२ फेब्रुवारी २०११ ला ६.२ चा धक्का आला. मॅग्निट्यूडने खूप लहान, पण उथळ आणि शहराच्या अगदी कुशीत. त्या दिवशी १८५ माणसं गेली, त्यातली ११५ त्या एका इमारतीत. चौकशी आयोगाला तिच्या मूळ रचनेतच गंभीर दोष सापडले. हिरव्या स्टिकरचा अर्थ 'पाहिल्यावर नवं धोकादायक नुकसान दिसलं नाही' एवढाच असतो. लोक तो 'पुढचा भूकंप झेलेल' असा वाचतात.

जमीनही तशीच. क्राइस्टचर्चच्या काही उपनगरांत एकाच मालिकेत वाळू पुन्हा पुन्हा पातळ होऊन वर आली. एकदा पाण्यासारखी झालेली वाळू नंतर घट्ट बसते, पुन्हा तसं होत नाही, हा समज तिथे पुरता मोडला.

रानवारा

सगळं वाचून पोटात गोळा आला. मला विचारायचं होतं ते थोडं वेगळं. २०२५ च्या जुलैत कामचात्कापाशी २० तारखेला ७.४ आणि २९ ला ८.८ झाला. मेक्सिकोत ७ सप्टेंबर २०१७ ला ८.२, आणि बारा दिवसांनी ७.१. मोबाइलवर रोज येतं की पॅसिफिकच्या कडेचं सगळं कडं जागं झालंय, आता एकामागून एक होत जाणार. खरंच पृथ्वीवरचे मोठे भूकंप वाढलेत का?

पॉयसनचा_पाईक

रानवारा, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कामचात्काची जोडी जवळची आहे, तिथे ७.४ हा पूर्वधक्का होता आणि वर भूरेषा यांनी सांगितलेलं सगळं लागू पडतं. 'जगभर एकामागून एक' याचा हिशेब मात्र कागदावर करून पाहा.

७ च्या वरचे वर्षाला १५ धरू. ते एकमेकांशी काहीही संबंध नसलेले आहेत असं माना. तरीही असा एखादा झाल्यावर पुढच्या २४ तासांत जगात कुठेतरी दुसरा होण्याची शक्यता येते सुमारे ४ टक्के. सात दिवसांत, सुमारे २५ टक्के. म्हणजे दर चार मोठ्या भूकंपांतल्या एकामागून आठवड्याच्या आत दुसरा येणार, निव्वळ योगायोगाने. आणि एका दिवसाच्या आतली जोडी साधारण दीड-दोन वर्षांतून एकदा. निखळ यादृच्छिक गोष्टी समान अंतरावर पडत नाहीत, त्यांचे पुंजके होतात. पावसाचे पहिले थेंब फरशीवर कसे पडतात ते आठवा.

मोठ्या काळावरही हा प्रश्न विचारला गेला आहे. १९५२ कामचात्का ९.०, १९६० चिली ९.५, १९६४ अलास्का ९.२, मग चाळीस वर्षं शांतता, आणि २००४ सुमात्रा, २०१० चिली, २०११ जपान. नजरेला पुंजके दिसतातच. पीटर शिअरर आणि फिलिप स्टार्क यांनी २०१२ मध्ये हा इतिहास संख्याशास्त्रावर घासून पाहिला. जवळचे उत्तरधक्के वगळले की उरलेले मोठे भूकंप यादृच्छिकपणापासून वेगळे काढता येत नाहीत, असं त्यांना आढळलं.

मेक्सिकोची जोडी सुमारे ६५० किलोमीटर दूर होती. एवढ्या अंतरावर कायमच्या ताणातली भर जवळजवळ शून्य. शिवाय १९ सप्टेंबर ही १९८५ च्या भूकंपाची तारीख, २०१७ ची तीच, २०२२ चीही तीच. २०१७ ला तर त्याच दिवशी सकाळी अकराला देशभर सराव झाला आणि सव्वा तासाला खरा भूकंप आला, म्हणजे दुपारी १ वाजून १४ मिनिटांनी. तिथल्या लोकांच्या मनावर त्याचा जो परिणाम झाला तो मी समजू शकतो. पण तारखेला भूकंप ओळखत नाहीत.

भूरेषा

पाईक, हिशेब मान्य. ("सव्वा तासाला" ऐवजी सव्वादोन तासांनी हवं, अकरा ते सव्वाएक.) पण 'दूरचा परिणाम शून्य' असं कुणी वाचू नये. लँडर्सनंतर साडेबाराशे किलोमीटरवरच्या यलोस्टोनपर्यंत छोटे धक्के वाढले होते. अलास्कातल्या २००२ च्या देनाली भूकंपानंतरही, तीन हजार किलोमीटरवर, यलोस्टोनमध्ये तसंच झालं. हे कायमच्या ताणाने नाही, जाता जाता हलवून गेलेल्या लाटांनी होतं. बहुतेकदा त्यातून फक्त लहान भूकंप होतात. एक मोठा अपवाद म्हणजे ११ एप्रिल २०१२ चा हिंदी महासागरातला ८.६: त्यानंतर सहा दिवस जगभरात, दूरदूरच्या ठिकाणी, ५.५ च्या वरच्या भूकंपांचं प्रमाण जवळजवळ पाचपट झालं होतं. इतर महाभूकंपांनंतर असं सहसा दिसलेलं नाही. म्हणून मी 'कडं जागं झालं' हे नाकारेन, पण दार पूर्ण बंद करणार नाही.

पॉयसनचा_पाईक

वेळेची चूक दाखवलीत, आभार. सव्वादोन तासच. आणि २०१२ चं उदाहरण मी द्यायला हवं होतं.

दुपारची_सावली

इथे सहसा फक्त वाचतो. आज लिहावंसं वाटलं.

एप्रिल २०१५ मध्ये कामानिमित्त काठमांडूत होतो. २५ तारखेला दुपारी १२ ला चार मिनिटं कमी असताना पहिला, ७.८ चा. त्याबद्दल खूप लिहिलं गेलंय, मी लिहीत नाही. अर्ध्या तासाने पुन्हा मोठा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. आम्ही मैदानात ताडपत्रीखाली होतो. दहा-बारा दिवसांनी माणसाचं मन थकतं, हे मला तिथे कळलं. भीतीपेक्षा थकवा मोठा होतो. अंग दुखत होतं, पावसाने अंथरूण भिजलेलं, मुलं आजारी. आम्ही जिथे काम करत होतो तिथून निरोप आला की इमारत पाहून झाली आहे, कामावर या. पाहणारा माणूस बाहेरून एक फेरी मारून गेला होता, आम्ही बघितलं होतं. तरी गेलो. जावंसंच वाटत होतं.

१२ मे, दुपारी पाऊण वाजून गेलेला. ७.३. जिन्यात पोचेपर्यंत पहिल्या वेळच्या भेगेतून पलीकडचा उजेड दिसायला लागला होता. आम्ही सगळे वाचलो. डोंगरातल्या गावांत त्या दिवशी माणसं मेली, अनेक जण नुकतेच घर आवरायला परत गेले होते. सगळीकडचे मिळून दोनशेहून जास्त.

आता इथे वाचून कळतं की दुसरा भूकंप पहिल्याच्या फाटलेल्या भागाच्या पूर्व टोकाशी झाला, म्हणजे जिथे ताण वाढलेला असणार तिथेच. तेव्हा कुणी एवढं सांगितलं असतं की संपलेलं नसू शकतं, तर मी त्या जिन्यात नसतो.

अवनी_प

सावली, लिहिलंत हे बरं केलंत. तुम्ही सगळे वाचलात हे वाचून जीव भांड्यात पडला.

पण मग सांगायचं कसं? शंभरात पाच म्हणजे पंच्याण्णव वेळा काहीच होणार नाही. दरवेळी लोकांना बाहेर ठेवलं तर चौथ्या वेळी कुणी ऐकणार नाही. आणि सांगितलं नाही तर असं होतं.

कातळवाट

याच प्रश्नावर इटलीत शास्त्रज्ञ कोर्टात उभे राहिले. २००९ मध्ये लाक्विला शहराला महिनोन्‌महिने छोटे धक्के बसत होते. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. त्याच सुमारास एका अधिकाऱ्याने टीव्हीवर सांगितलं की छोट्या धक्क्यांनी ऊर्जा निघून जाते आहे, परिस्थिती अनुकूल आहे. अवनीताई, तुमच्या पहिल्या प्रश्नातली समजूत, तंतोतंत. ६ एप्रिलला ६.३ चा भूकंप आला, ३०९ माणसं गेली. धक्का बसला की रात्र बाहेर काढायची ही तिथली जुनी रीत. त्या दिलाशामुळे काही कुटुंबं आत झोपली, असं खटल्यात मांडलं गेलं. २०१२ मध्ये सात जणांना शिक्षा झाली, २०१४ मध्ये अपिलात सहा शास्त्रज्ञ सुटले, त्या अधिकाऱ्याची शिक्षा कमी होऊन राहिली. भाकीत केलं नाही म्हणून कुणालाही शिक्षा होऊ नये या मताचा मी आहे. पण 'काही होणार नाही' हेही एक भाकीतच आहे, आणि ते करण्याचा अधिकार विज्ञानाने कुणाला दिलेला नाही.

त्याच इटलीत उलटं उदाहरणही आहे. २०१६ मध्ये २४ ऑगस्टला अमात्रिचे उद्ध्वस्त झालं, सुमारे तीनशे मृत्यू. २६ ऑक्टोबरला शेजारच्या भागात पुन्हा धक्के बसले आणि लोक घरांतून बाहेर पडले, जुनी गावठाणं रिकामी झाली. ३० ऑक्टोबरला नोर्चाजवळ ६.५ चा भूकंप आला, १९८० नंतरचा देशातला सगळ्यात मोठा. सेंट बेनेडिक्टची बॅसिलिका पुढची भिंत सोडून जमीनदोस्त झाली. ढिगाऱ्याखाली एकही माणूस मेला नाही.

ओळंबा

इटलीचा विषय निघालाय तर १९९७ चं असीसी राहून जायला नको. २६ सप्टेंबरला रात्री अडीचच्या सुमारास पहिला धक्का. सकाळी तज्ज्ञ आणि मठातले साधू सेंट फ्रान्सिसच्या बॅसिलिकेत भित्तिचित्रांचं काय झालं ते पाहायला गेले. पावणेबाराला दुसरा, पहिल्याहून मोठा, आणि छताची कमान वरून खाली आली. दोन साधू आणि दोन तपासनीस गेले. तपासणी करणारे आम्ही लोकही याच चुकीत सापडतो, म्हणून सांगतो: पहिल्या दिवशी आत शिरायचं कारण माणूस वाचवणं हेच असावं. मालमत्ता पाहणं थांबू शकतं.

शून्यप्रहर

नियम म्हणून कुठे हे उतरलंय का? की दरवेळी नव्याने शिकायचं?

भूरेषा

उतरलंय. कुमामोतोत १४ एप्रिल २०१६ च्या रात्री भूकंप झाला आणि २८ तासांनी, १६ च्या पहाटे, त्याहून मोठा. माशिकी या एकाच गावात दोन्ही वेळा जपानी तीव्रतामापनातली सर्वोच्च पायरी, सात, नोंदली गेली; असं पूर्वी कधी झालं नव्हतं. पहिली रात्र बाहेर काढून दुसऱ्या रात्री घरी झोपायला गेलेले काही जण त्यात दगावले. त्यानंतर जपानच्या हवामान संस्थेने मोठ्या भूकंपानंतर लगेच 'उत्तरधक्के' हा शब्द वापरणं सोडलं. आता ते सांगतात की पुढचा आठवडाभर इतक्याच जोराचं हलणं पुन्हा होऊ शकतं, आणि पहिले दोन-तीन दिवस विशेष जपा. कारण 'उत्तरधक्का' म्हटलं की लोक 'लहान' असं ऐकतात.

नानकाईसाठी आणखी एक पाऊल पुढे. तिथे ७ च्या वरचा भूकंप झाला तर सावधगिरीची सूचना निघते. अर्धा खंदक फुटला तर त्याहून कडक इशारा, आणि त्सुनामीतून पळायला वेळच मिळणार नाही अशा किनाऱ्यावरच्या लोकांनी आधीच हलून आठवडाभर दुसरीकडे राहायचं. त्यामागचे आकडेही उघड आहेत. ७ च्या भूकंपामागून आठवड्यात महाभूकंप होणं, काहीशे वेळांतून एकदा. अर्धा फुटल्यावर उरलेला आठवड्यात फुटणं, दहा-पंधरा वेळांतून एकदा. पहिली सूचना ८ ऑगस्ट २०२४ ला ७.१ च्या भूकंपानंतर निघाली. आठवडाभरात काही झालं नाही, १५ तारखेला ती मागे घेतली. लोकांना कुठेही पळवलं नव्हतं. रोजचं काम चालू ठेवा, पण पळायची वाट आणि पिशवी तयार ठेवा, एवढंच सांगितलं होतं. अवनी, चौथ्या वेळी लोक ऐकतील का, हे अजून कळायचं आहे.

ओळंबा

संहितांकडेही बघायला हवं. धोक्याचे नकाशे करताना जुन्या नोंदींतून उत्तरधक्के काढून टाकायची पद्धत आहे, म्हणजे उरलेले भूकंप एकमेकांशी संबंध नसलेले धरता येतात. १९७४ मध्ये गार्डनर आणि नोपॉफ यांनी दक्षिण कॅलिफोर्नियाबद्दलच्या लेखाच्या शीर्षकातच, तसं धरता येतं का, हा प्रश्न विचारला होता, आणि सारांशात एकच शब्द लिहिला: होय. गणित सोपं झालं, पण काढून टाकलेले धक्के इमारतीला मात्र बसतातच. क्राइस्टचर्चनंतर न्यूझीलंडने त्या भागाचा धोक्याचा गुणांक ०.२२ वरून ०.३ केला, कारण मालिका चालू असताना धोका खरोखर जास्त असतो. असं फार थोड्या ठिकाणी झालंय.

रानवारा

शेवटचा प्रश्न, अगदी साधा. जोराचा धक्का बसला, घर उभं आहे. किती वेळ बाहेर राहायचं?

ओळंबा

अमुक तास, असं उत्तर नाही. घर पाहून ठरवा. कॉलम आणि बीम जिथे भेटतात तिथे तिरक्या भेगा, काँक्रीट गळून सळई उघडी, दारं आधी लागत होती ती आता अडकतात, खालच्या मजल्यावर भिंती नसून नुसते खांब आहेत आणि ते कललेले वाटतात: यातलं काहीही असेल तर जाणकाराने आतून पाहिल्याशिवाय आत झोपू नका, मग महिना लागो. नुसत्या गिलाव्याच्या बारीक भेगा असतील आणि घर नीट बांधलेलं असेल, तर पहिले दोन-तीन दिवस बाहेर काढता आले तर काढा. जुनं दगडमातीचं घर असेल तर आठवडा तरी. औषधं, कागदपत्रं आणायला जावंच लागलं तर एकाने जावं, दुसऱ्याने बाहेर थांबावं, आणि काय कुठे आहे ते आधी ठरवून मिनिटभरात परत यावं.

दुपारची_सावली

आणि चपला दाराबाहेर काढून जाऊ नये. आम्ही त्या जिन्यातून काचांवरून अनवाणी उतरलो.